परदेशी जाणारी मुले आणि आजारपणाचा विमा

आपल्या संघाच्या स्मरणिकेसाठी यंदाही काही लिहून द्यावे असा चिटणिसांचा निरोप आला, तेव्हा बाजार फी, तुरीचे भाव किंवा वाहतुकीच्या अडचणी यांपैकी एखाद्या विषयावर मी लिहीन अशीच त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर मी पूर्वी लिहिले आहे आणि त्याचा बाजारावर काडीइतकाही परिणाम झालेला नाही. म्हणून यंदा दुकानाबाहेरचा, परंतु घराच्या आतला असा एक विषय सभासद बंधूंपुढे, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या घरच्या भगिनींपुढे, ठेवण्याची माझी इच्छा आहे. विषय थोडा अप्रिय आहे. मुलाला निरोप देताना आजारपणाचे नाव काढू नये, असे आपल्या वडीलधाऱ्यांनी शिकविले आहे. तथापि नाव न काढल्याने आजार येत नाही, असा अनुभव मला तरी आलेला नाही.

आमच्या लहानपणी आदिलाबादहून कुणी शिकायला बाहेर जायचे म्हणजे यवतमाळ, नागपूर, फार तर हैदराबाद. मुलगा तापाने फणफणला असा निरोप आला, की दुसऱ्या दिवशी बाप पैनगंगा ओलांडून त्याच्या उशाशी जाऊन बसलेला असे. आज आपल्याच घरांतील मुले-मुली टेक्सासला, मेलबर्नला, जर्मनीतील कुठल्या कुठल्या गावी शिकत आहेत. कुणी घरच्या पैशाने गेले, बहुतेक बँकेच्या कर्जावर गेले. जैन समाज २०१४ साली राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित झाल्यापासून तेलंगण शासनाच्या परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीचे दारही, उत्पन्नाची अट पुरी होत असल्यास, आपल्याला उघडे आहे. ही प्रगती आनंदाची आहे. जाण्यापूर्वी महिनाभर घरात लगीनघाई असते. खाकरे भाजले जातात, मुगाचे पापड, मेथीचे ठेपले, कोरड्या चटण्या यांचे पुडे बांधले जातात. बॅग तेवीस किलोच्या आत बसते की नाही हे पाहण्यासाठी ती आमच्या दुकानच्या काट्यावर तोलली जाते. मी स्वतः अशा दहा-बारा बॅगा तोलल्या आहेत. परंतु या सर्व धावपळीत आरोग्याच्या विम्याचे काम शेवटच्या दोन दिवसांवर ढकललेले असते व एजंटाला एक फोन करून ते उरकले जाते. एजंट म्हणतो, "शेठजी, यात सगळे येते." आपण रक्कम विचारतो, ती थोडी कमी करवून घेतो आणि सुटलो म्हणतो.

हीच माणसे गोदामाच्या बाबतीत किती दक्ष असतात! माझ्या गोदामातील मालाचा आगीचा विमा गेल्या तीस वर्षांत मी एकदाही चुकविलेला नाही. ट्रकमध्ये माल चढला की बिल्टीबरोबर वाटेतील जोखमीचाही विचार होतो. आणि विमा ही काही इंग्रजांनी आपल्याला शिकविलेली गोष्ट नव्हे. आपल्या पूर्वजांच्या व्यापारात जोखमी हुंडी म्हणून एक प्रकार होता. माल सुखरूप पोहोचला तरच त्या हुंडीचे पैसे मिळत. जहाज बुडाले तर ज्याने हुंडी विकत घेतली त्याने तोटा सोसायचा. म्हणजे एकाच कागदात उधारी, पैशाची पाठवणी आणि विमा ही तिन्ही कामे होत. ज्यांच्या पणजोबांना हे कळत होते, त्यांनी पोटच्या मुलाला दहा हजार मैलांवर पाठविताना कागद न वाचता सही करावी, याचे मला नवल वाटते. बँकांचे पाहा. शिक्षणासाठी कर्ज देताना अनेक बँका कर्जाच्या रकमेपुरता विद्यार्थ्याच्या आयुष्याचा विमा उतरवून घेतात. बँकेचा पैसा अशा रीतीने सुरक्षित झाला. मुलगा जिवंत असून आजारी पडला तर काय, याची काळजी बँकेने का करावी? ती आपली.

मी हे दुसऱ्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. चूक माझ्याच हातून झालेली आहे व ती येथे सांगितल्याशिवाय पुढे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा २०२२ च्या ऑगस्टमध्ये उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेला. तेथील विद्यापीठाची स्वतःची आरोग्य विमा योजना होती. वर्षाचा हप्ता २,३०० डॉलर, म्हणजे आपले पावणेदोन लाखांहून अधिक रुपये. तेवढ्याच तोडीचा दुसरा विमा असल्याचे दाखविल्यास विद्यापीठाच्या योजनेतून सूट मिळे. भावाने माझा सल्ला विचारला. मी म्हणालो, तेवीस वर्षांचा धडधाकट मुलगा, त्याला काय होणार? येथूनच ३२ हजार रुपयांत एका कंपनीची पॉलिसी काढली. दीड लाखाहून अधिक वाचविले म्हणून मी त्या दिवशी घरात मिरवलोही.

पुढच्या फेब्रुवारीत त्याच्या पोटात दुखू लागले. पहिल्या दिवशी त्याने जिरे व ओवा खाल्ला. दुसऱ्या दिवशी ताप चढला. आईशी फोनवर बोलताना "अभ्यास फार आहे, म्हणून आवाज बसला" असे सांगितले. रात्री मला वेगळा फोन आला. त्याचे पहिले वाक्य माझ्या अजून कानात आहे: "काका, दवाखान्यात गेलो तर खर्च किती येईल, ते आधी एजंटला विचाराल का?" आपल्याकडे तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. एजंटाने फोन उचलला नाही. मी मुलाला लगेच जा म्हणालो. पण दोन दिवस तो पोटातली कळ दाबून बिलाचा विचार करीत बसला होता. शेवटी खोलीतल्या सोबत्यांनी त्याला आपल्या मोटारीतून नेले. रुग्णवाहिकेचेही वेगळे बिल येते, म्हणून ती बोलाविली नाही. आंत्रपुच्छ, ज्याला आपण अपेंडिक्स म्हणतो, ते फुटले होते. वेळेवर गेला असता तर एका दिवसात घरी येण्यासारखे दुखणे होते. तो आठ दिवस राहिला.

अमेरिकेत १९८६ चा असा कायदा आहे की, तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला पैसे आहेत की नाहीत हे न पाहता तपासले पाहिजे व त्याची प्रकृती स्थिर केली पाहिजे. दारातच अनामत मागतील व परत पाठवतील, ही भीती त्या मुलाने उगाच बाळगली होती. परंतु बिल मात्र मागाहून येते, आणि एक येत नाही. इस्पितळाचे निराळे, शल्यचिकित्सकाचे निराळे, भूल देणाऱ्याचे निराळे, प्रयोगशाळेचे निराळे. चारही मिळून ४१ हजार डॉलर झाले. म्हणजे त्या वेळच्या भावाने जवळजवळ चौतीस लाख रुपये. आमची पॉलिसी वरून मोठ्या रकमेची दिसत होती, परंतु एका आजारास आतून मर्यादा होती, आणि ते इस्पितळ कंपनीच्या यादीतले नव्हते. चार महिने पत्रव्यवहार करून कंपनीने १५ हजार डॉलर दिले. पुढे तेथील एका मराठी गृहस्थांनी सांगितले की, धर्मादाय स्वरूपाच्या अमेरिकन इस्पितळांना गरजू रुग्णांसाठी बिलात सवलत देण्याची योजना कायद्यानेच ठेवावी लागते, अर्ज करा. अर्ज केला आणि १७ हजार डॉलर माफ झाले. इस्पितळाच्या बिलावर घासाघीस होऊ शकते, हे मला चाळीस वर्षे व्यापार करूनही ठाऊक नव्हते. उरलेले ९ हजार डॉलर आम्ही हप्त्यांनी फेडले. विद्यापीठाची योजना घेतली असती तर त्याच्या वाट्याला किती आले असते, याचा हिशेब मी नंतर बसून केला. तो दीड हजार डॉलरच्या आत होता.

पैशाचे दुःख मी विसरलो आहे. जे विसरता येत नाही ते त्याचे ते दोन दिवस. त्या मुलाला पोटापेक्षा पॉलिसीचे भय अधिक वाटले, आणि ती पॉलिसी मी निवडली होती. माझ्या भावजयीने याबद्दल मला आजवर एका शब्दानेही विचारलेले नाही.

त्यानंतर मी तो बेचाळीस पानांचा इंग्रजी दस्तऐवज मुलीच्या मदतीने ओळ न् ओळ वाचला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण वाचता वाचता ध्यानात आले की, यातील पुष्कळसे आपल्या धंद्यातलेच आहे, केवळ नावे वेगळी. डिडक्टिबल म्हणून जे असते तो आपल्या जुन्या बाजारातला कडता होय. प्रत्येक पोत्यामागे ठराविक वजन आधीच कापून मग हिशेब करायचा, तसा प्रत्येक आजारामागे पहिला काही खर्च आपण सोसायचा आणि मग कंपनीचा हिशेब सुरू व्हायचा. हा कडता वर्षातून एकदा लागतो की दर आजाराला लागतो, हे पाहावे; दोन्हींत फार अंतर आहे. त्यानंतर वाटणी येते: उरलेल्या बिलातील शेकडा ऐंशी कंपनीचे तर वीस आपले, अशी काहीशी. या वाटणीला वरची मर्यादा आहे का? असेल तर एका मर्यादेनंतर आपला खर्च थांबतो. नसेल तर शेकडा वीससुद्धा घर विकायला लावू शकतात. नेटवर्क म्हणजे कंपनीच्या वळणातली इस्पितळे. त्यांच्याबाहेर गेलात तर भाव निराळा. आणि शेवटी लहान अक्षरांत काय काय येत नाही त्याची यादी असते. ती यादी आधी वाचावी. दमा, मधुमेह, मिरगी असे पूर्वीपासूनचे दुखणे पुष्कळ स्वस्त पॉलिसींत येत नाही. दात आणि डोळे बहुधा येत नाहीत. म्हणून दाढ भरून घ्यायची ती आदिलाबादेत किंवा नागपुरात भरून घेऊनच मुलाला विमानात बसवावे. मनाचे आजारही पुष्कळदा वगळलेले असतात. याकडे मी मातापित्यांचे मुद्दाम लक्ष वेधतो. परका देश, डोक्यावर कर्ज, हिवाळ्यात चार वाजता पडणारा अंधार, घरी सर्व ठीक आहे असे रोज सांगण्याची सक्ती. यांत एखादे मूल आतून खचले तर त्याला वैद्याकडे जाता आले पाहिजे.

येथे काढलेली प्रत्येक पॉलिसी वाईट, असे माझे म्हणणे नाही. थोड्या महिन्यांचा अभ्यासक्रम असेल तर ती पुरते. ज्या मुलाला काही जुने दुखणे आहे, त्याच्या बाबतीत मात्र विद्यापीठाच्या योजनेत पैसे वाचवू नयेत. आपल्याकडील नेहमीचा घरगुती आरोग्य विमा बहुधा भारतातील उपचारांपुरताच असतो, हेही अनेकांना ठाऊक नसते. "आमचा सगळ्या कुटुंबाचा मेडिक्लेम आहे" असे मला एका सभासदाने अगदी विश्वासाने सांगितले होते. तो मेडिक्लेम १९८६ पासून आपल्या देशात आहे आणि उपयोगी आहे, पण समुद्रापलीकडे त्याचा हात पोहोचत नाही.

देशोदेशींचे नियमही सारखे नाहीत. इंग्लंडात व्हिसाबरोबरच आरोग्याचा अधिभार भरावा लागतो. २०१५ साली तो विद्यार्थ्यांना वर्षाला १५० पौंड होता, फेब्रुवारी २०२४ पासून ७७६ पौंड झाला. रक्कम मोठी आहे, परंतु ती भरल्यावर तेथील सरकारी आरोग्यसेवा मुलाला तेथील रहिवाशासारखीच मिळते. जर्मनीत विद्यार्थ्याला विमा असल्याशिवाय विद्यापीठात नाव घालता येत नाही, आणि तीस वर्षे वयापर्यंत सार्वजनिक विमा विद्यार्थ्यांच्या दराने मिळतो. ऑस्ट्रेलियात व्हिसाच्या संपूर्ण मुदतीचा विमा सक्तीचा. कॅनडात प्रांताप्रांताचा नियम निराळा. अमेरिकेची गंमत अशी की, देवाणघेवाण योजनेखाली जाणाऱ्याला सरकार सक्ती करते: एका आजारास किमान एक लाख डॉलरचे संरक्षण, कडता पाचशे डॉलरहून अधिक नको, इत्यादी. परंतु आपली बहुतेक मुले ज्या एफ-१ व्हिसावर जातात, त्याला अशी सरकारी सक्ती नाही. सर्व काही त्या त्या विद्यापीठावर सोडलेले. जिथे औषधोपचार सर्वांत महाग, तिथेच मोकळीक सर्वांत अधिक! आणि पदवी मिळाल्यावर नोकरी शोधण्याचा जो काळ असतो, त्यात विद्यापीठाची योजना बहुधा संपलेली असते व नोकरीवाल्याची सुरू झालेली नसते. मुलगा पदवीधर झाला म्हणून आपण पेढे वाटतो, त्याच महिन्यापासून तो उघड्यावर असतो. या काळाची तजवीज पदवीदानाच्या आधी करावी.

एक अभद्र गोष्टही लिहून टाकतो. मृत्यू आल्यास पार्थिव मायदेशी आणण्याच्या खर्चाची तरतूद पॉलिसीत आहे की नाही, हे बापाने एकट्याने, घरच्यांच्या नकळत, पाहून ठेवावे. अडचणीतील निर्धन भारतीयांसाठी वकिलातींकडे २००९ पासून कल्याण निधी आहे. पण तो परिस्थिती पाहून दिला जातो, हक्क म्हणून नव्हे.

हे सर्व बोलू लागले की आपल्यातील काही ज्येष्ठ म्हणतात, "जे कर्मात असेल ते होईल." कर्मसिद्धांतावर माझी श्रद्धा त्यांच्याइतकीच आहे. पण हे ज्येष्ठ गोदामाला कुलूप लावतात. चतुर्विध दानांत औषधदान सांगितले आहे, ते आजारी माणसाला कर्मावर सोडून देण्यासाठी नव्हे. या संदर्भात मला डॉ. आनंदीबाई जोशी यांची आठवण होते. त्या १८८३ च्या जूनमध्ये अमेरिकेस पोहोचल्या. त्याच महिन्यात जर्मनीने कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. आनंदीबाईंच्या मागे मात्र ना विमा होता ना नातलग. होत्या त्या न्यू जर्सीच्या कार्पेंटर बाई, ज्यांनी त्यांना पोटच्या मुलीसारखे वागविले. फिलाडेल्फियाची थंडी, तिला न पुरणारा पेहराव, न मानवणारे अन्न यांत त्यांची प्रकृती ढासळत गेली. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांनी पदवी मिळविली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्या गेल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आपले वीरचंद राघवजी गांधी १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माची बाजू मांडून आले, अनेकदा परदेशी गेले आणि सदतिसाव्या वर्षी, १९०१ साली, निवर्तले. विमा असता तर आनंदीबाई वाचल्या असत्या, असे कुणी म्हणणार नाही; क्षयावर त्या काळी औषधच नव्हते, स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ सालचा. आता औषध आहे, शस्त्रक्रिया आहे, हाकेच्या अंतरावर इस्पितळ आहे आणि आपले मूल बिलाच्या भयाने खोलीत पोट धरून बसले आहे. हे कर्म कुणाचे?

आजारपण आले की आपला समाज वर्गणी काढतो. तासाभरात मोबाइलवर आवाहन फिरते, चार दिवसांत लाखो रुपये जमतात. या दातृत्वाचा मला अभिमान आहे. तथापि ज्याच्यासाठी वर्गणी निघते त्या कुटुंबाची पुढे काय अवस्था होते, तीही मी पाहिली आहे. ती माणसे लग्नकार्यात मागच्या रांगेत बसू लागतात. शिवाय वर्गणी ओळखीवर चालते. ज्याची ओळख थोडी, त्याला थोडे मिळते.

याहून चांगला मार्ग आपल्या शेजारीच होऊन गेलेला आहे. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आपल्यापैकी अनेकांना परिचित आहे. त्या रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांसाठी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आरोग्य विम्याची एक योजना चालविली; तिचा हप्ता ज्वारीत घेत असत. सुगी झाली की प्रत्येक घरातून ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा व्हायची, आणि गावातील बहुतेक घरे सामील झाली तरच त्या गावाला लाभ मिळायचा. मी धान्याचा व्यापारी असल्यामुळे ही गोष्ट मला फार भावते. शेतकऱ्याच्या हातात रोकड नसते तेव्हाही ज्वारी असते. आणि आजार येण्याच्या आधी, घरात धान्य असतानाच, ती काढून ठेवायची.

म्हणून संघापुढे माझी सूचना आहे. परदेशी जाणाऱ्या मुलामुलींचा आपण दरवर्षी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो, तो अवश्य करावा. पण त्यापूर्वी महिनाभर त्या मुलाची विम्याची कागदपत्रे संघाकडे वाचून घ्यावीत. एक डॉक्टर, एक परदेशातून शिकून आलेला तरुण किंवा तरुणी, आणि एक हिशेबी व्यापारी अशी तिघांची समिती पुरे. दुसरे, संघाने एक निधी उभारावा. ज्या कुटुंबाला चांगल्या योजनेचा हप्ता झेपत नाही, त्याला स्वस्त व चांगल्या पॉलिसीतील फरकाची रक्कम बिनव्याजी द्यावी. मुलगा नोकरीला लागल्यावर ती परत यावी. हे दान नव्हे, उसनवार आहे. म्हणजे कुणाला मागच्या रांगेत बसावे लागणार नाही. संघाने मुलांना परदेशी पाठविण्याच्या भानगडीत का पडावे, असा प्रश्न कार्यकारिणीतील एका मित्रांनी मला आधीच विचारून ठेवला आहे. मुले संघाला विचारून जात नाहीत, जातातच. वर्गणीच्या वेळी संघ पडतोच ना भानगडीत? मग महिनाभर आधी पडलेले काय वाईट?

पुढच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे. निधीचा आरंभ म्हणून आमच्या पेढीतर्फे एक लाख सत्तावन्न हजार रुपये जमा करीत आहे. ही रक्कम अशी सुटी का, हे वर वाचलेल्यांच्या ध्यानात आले असेल. तेवढीच मी त्या वेळी वाचविली होती. तोवर ज्यांची मुले यंदा जायची आहेत, त्यांनी पॉलिसीचे कागद घेऊन दुपारी तीननंतर, लिलाव आटोपल्यावर, दुकानी यावे. वाचायला मुलगी आणि पुतण्या दोघेही असतात. तो आता बरा आहे, आणि सुटीवर आला आहे.